पुण्याहून मालवण-तारकर्ली : वृद्ध सासूबाई आणि दोन मुलांसह कसे जावे?

निशिगंध (१९ ऑक्टोबर)

नमस्कार. नाताळच्या सुट्टीत आम्ही पाच जण मालवणला जाण्याचे ठरवीत आहोत: मी, यजमान, सातवीत आणि तिसरीत असलेली दोन मुले आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. २४ डिसेंबरला पोहोचायचे आहे आणि २८ ला सकाळी परत निघायचे आहे. तारकर्लीला एका घरगुती निवासात तळमजल्यावरच्या दोन खोल्या सांगून ठेवल्या आहेत, त्यामुळे राहण्याची चिंता नाही. अडले आहे ते जाण्याचे.

सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखतात. सपाटीवर त्या काठी घेऊन बऱ्यापैकी चालतात, परंतु जिना चढणे त्यांना जमत नाही आणि दीड-दोन तासांहून अधिक वेळ एका जागी बसल्या की पाय आखडतात. धाकट्याला घाटात हमखास उलटी होते. यजमान गाडी चांगली चालवतात, मात्र रात्री चालवणे ते टाळतात आणि त्यांनी ते टाळावे असेच मलाही वाटते.

पनवेलहून कोकण रेल्वेने कुडाळला जाणे, स्वतःच्या गाडीने कोल्हापूरमार्गे घाट उतरणे, स्वारगेटहून रात्रीची बस धरणे आणि विमानाने गोव्याला उतरून मागे येणे असे चार मार्ग आम्हांला निरनिराळ्या लोकांनी सुचवले आहेत. प्रत्येक जण आपलाच मार्ग उत्तम म्हणतो. वृद्ध माणसाला बरोबर घेऊन यांपैकी एखाद्या मार्गाने प्रत्यक्ष गेलेल्यांनी अनुभव सांगितला तर फार मदत होईल.

रूळमित्र

कोकण रेल्वेचा मी जुना प्रवासी आहे आणि एरवी कोणीही विचारले तर डोळे मिटून रेल्वेच सांगतो. तुमच्या बाबतीत मात्र थोडे जपून सांगतो.

पुण्याहून कुडाळला रोज जाणारी थेट गाडी नाही. पुण्याहून रोज गोव्याला जाणारी जी गाडी आहे ती मिरज-लोंढ्यामार्गे घाट उतरते, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यात शिरतच नाही. तेव्हा पनवेल गाठणे आले. तेथून रात्रीच्या दोन गाड्या सोयीच्या समजल्या जातात, कोकणकन्या आणि तुतारी. कोकणकन्या मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटते आणि तुतारी दादरहून मध्यरात्रीनंतर, त्यामुळे पनवेलला दोन्ही गाड्या बारा वाजून गेल्यावरच येतात. येथेच पुष्कळ जण फसतात. तुम्ही २३ तारखेच्या रात्री घरून निघणार असाल तर पनवेलहून काढायच्या तिकिटावर २४ तारीख हवी. एका चुलतभावाच्या कुटुंबाने हीच चूक करून मध्यरात्री फलाटावर भांडण केले होते आणि गाडी आदल्याच रात्री निघून गेली होती.

आरक्षण आता १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडते. नोव्हेंबर २०२४ पासून हा बदल झाला आहे. त्या हिशेबाने २४ डिसेंबरचे आरक्षण २५ ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता उघडेल आणि नाताळच्या आठवड्यात ते किती वेळ टिकते हे मी सांगण्याची गरज नाही. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, परंतु खालच्या बर्थचा राखीव कोटा अजून आहे. पुरुषांना तो ६० व्या वर्षापासून आणि स्त्रियांना ४५ व्या वर्षापासून मिळतो. मेख अशी आहे की, त्या वयात बसणारे एक किंवा दोनच प्रवासी तिकिटावर असतील तरच हा कोटा लागू होतो. पाच जणांचे एकत्र तिकीट काढलेत तर सासूबाईंना खालचा बर्थ मिळेलही, पण तो नशिबाने. त्यांचे तिकीट वेगळे काढावे, आणि मग डबा तोच मिळेल याची खात्री नाही, हेही लक्षात घ्यावे.

मुलांसाठी म्हणाल तर दिवसाची मांडवी एक्सप्रेस सर्वांत सुंदर. साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा, रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंचीचा पानवल नदीवरचा पूल, हे सारे जागेपणी पाहायला मिळते. पण त्यासाठी सकाळी आठच्या आसपास पनवेलला उभे राहावे लागेल, म्हणजे पुण्याहून पहाटे पाचच्या आधी निघणे आले. शिवाय रोह्यापासून वीरपर्यंतचा टप्पा सोडला तर पुढे एकेरी मार्ग आहे. समोरची गाडी येईपर्यंत स्थानकात थांबून राहायचे, असा तो कारभार असल्यामुळे सुट्टीत जादा गाड्या सोडल्या की तास-दीड तास उशीर गृहीतच धरावा.

कुडाळचा_मी

रूळमित्रांनी गाडीचे सांगितले, मी उतरल्यानंतरचे सांगतो, कारण पाहुण्यांचे खरे हाल तेथेच होतात.

मालवणला रेल्वे नाही. सर्वांत सोयीचे स्थानक कुडाळ. तेथून नेरूरपार, काळसे, धामापूर, चौके असा सुमारे तीस किलोमीटरचा रस्ता आहे आणि तासाभरात माणूस निवांत पोहोचतो. 'सिंधुदुर्ग' नावाचे स्थानक पाहून पुष्कळ जण ते किल्ल्याजवळ असेल अशा समजुतीने तेथे उतरतात. ते स्थानक ओरोसला आहे. किल्ला मालवणच्या समुद्रात आहे आणि या दोहोंमध्येही जवळजवळ तेवढेच अंतर आहे. ओरोस किंवा कणकवलीला उतरलात तर कसालहून कट्ट्यामार्गे यावे लागते. रस्ता वाईट नाही, पण कणकवलीहून अंतर चाळीस किलोमीटरच्या वर जाते.

स्थानकाबाहेर रिक्षा असतात आणि कुडाळहून मालवणला एसटीही आहे, परंतु पाच माणसे, सामान आणि काठी टेकत चालणाऱ्या आजी असताना यावर विसंबू नये. ज्यांच्याकडे उतरणार आहात त्यांनाच गाडी पाठवायला सांगा. आमच्याकडे निवास चालवणारे बहुतेक जण ही सोय करतात आणि भाडे आधीच ठरते.

पुढे तारकर्ली-देवबागचा रस्ता अरुंद आहे. एका बाजूला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, अशा चिंचोळ्या पट्टीवर ती वस्ती आहे. २५ डिसेंबरपासून समोरून बस आली की दोन्ही बाजूंच्या गाड्या कुंपणाला चिकटून उभ्या राहतात. दुपारी दोनच्या आत खोलीवर पोहोचाल असे काहीही करा, बाकी सर्व निभावते.

एक अवांतर. सुट्टी पुढे ढकलून फेब्रुवारीत येण्याचा विचार असेल तर आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कधी आहे ते पाहूनच या. जत्रेची तारीख कौल घेऊन ठरते, दरवर्षी वेगळी असते, आणि त्या दोन-तीन दिवसांत कणकवली, ओरोस, कुडाळ या तिन्ही स्थानकांवर पाय ठेवायला जागा नसते.

घाटमाथा

मी कोल्हापूरकडचा असून कामानिमित्त महिन्यातून दोनदा तळकोकणात उतरतो. तुमच्या गरजा वाचून माझे मत असे झाले की स्वतःच्या गाडीने, पण एका दिवसात नव्हे, असे जावे.

पुणे ते कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर आणि तेथून मालवण आणखी सुमारे दीडशे. हे अंतर एका दिवसात होते. तरुण मंडळी पहाटे चारला निघून जेवायला मालवणला पोहोचतात. तुम्ही मात्र २३ तारखेला सकाळी उजाडल्यावर निघा, दर दीड तासाने थांबा, कोल्हापुरात मुक्काम करा आणि २४ ला सकाळी घाट उतरा. दर दीड तासाने पाय मोकळे करण्याची मुभा रेल्वेत नाही, बसमध्ये नाही, विमानात तर नाहीच. सासूबाईंच्या दृष्टीने ही एकच गोष्ट इतर सर्व गोष्टींहून मोठी आहे.

घाटांविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण नकाशावर सर्व घाट सारखेच दिसतात. कोल्हापूरहून तळकोकणात उतरायला तुम्हांला तीन वाटा आहेत. गगनबावड्याची वाट सर्वांत जवळची. गगनबावड्याहून खाली दोन घाट फुटतात, वैभववाडीकडे जाणारा करूळ आणि खारेपाटणच्या बाजूला उतरणारा भुईबावडा. करूळ घाट रुंदीकरणासाठी जानेवारी २०२४ पासून दीर्घकाळ बंद होता, आणि तेव्हापासून मी निघण्याच्या आदल्या दिवशी वैभववाडीतल्या ओळखीच्या माणसाला विचारल्याखेरीज त्या वाटेला जात नाही. भुईबावडा देखणा आहे, पण अरुंद आहे. उलटी होणारे मूल बरोबर असताना मी तो सुचवणार नाही.

दुसरी वाट राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट. ही कणकवलीजवळ महामार्गाला मिळते आणि तुमच्यासाठी मला हीच योग्य वाटते. वळणे आहेत, पण एकामागोमाग अंगावर येणारी नाहीत. तिसरी वाट गडहिंग्लज, आजरा, आंबोली. ती लांब पडते, परंतु रस्ता प्रशस्त आहे आणि उतार सावकाश आहे. सावंतवाडीला उतरून कुडाळमार्गे मालवणला यावे लागते. परतीच्या वेळी घाई नसेल तर ती धरावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे उसाचा हंगाम. राधानगरीच्या रस्त्यावर काय आणि गगनबावड्याच्या रस्त्यावर काय, संध्याकाळनंतर एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस चाललेला असतो. पुष्कळदा मागे दिवा नसतो, परावर्तक नसतो, आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला असतो. पुढे दाजीपूरच्या जंगलात गवे रस्त्यावर येतात. यजमान रात्री चालवत नाहीत हे तुम्ही लिहिलेत म्हणून हा मार्ग सुचवण्याचे धाडस केले. सूर्य मावळल्यावर या रस्त्यांवर नवख्याने येऊच नये.

दादरकर

गाडी चालवणाऱ्या माणसाची सुट्टी प्रवासातच संपते, असे माझे मत आहे आणि ते मी बदलणार नाही. मुंबईत राहणाऱ्या आम्हांला वंदे भारत सुरू झाल्यापासून दुसरा विचार करावा लागत नाही. जून २०२३ मध्ये ती सुरू झाली. पहाटे साडेपाचच्या आत मुंबई सोडते आणि बैठी गाडी असूनही पाय पसरायला जागा आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात ती केवळ कणकवलीला थांबते, कुडाळला नाही, आणि शुक्रवारी धावत नाही. पावसाळी वेळापत्रकात तर आठवड्यातून तीनच दिवस असते. पनवेलला ती थांबते, तेव्हा निशिगंध यांनी आदल्या रात्री पनवेलला मुक्काम करून ही गाडी का धरू नये? कोल्हापूरला मुक्काम चालतो तर पनवेलला का चालू नये?

माझ्या लहानपणी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मालवणला जात असू. बोट खोल पाण्यात उभी राही आणि तेथून पडावात उतरून किनारा गाठायचा. माझी आजी, जिला आमच्या चाळीतला जिना जड जाई, ती खलाशाच्या हाताला धरून त्या हलत्या पडावात उतरत असे. आजच्या माणसांना कणकवलीहून चाळीस किलोमीटर जड वाटतात याचे म्हणून थोडे हसू येते.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. दादरकर काका, पनवेलच्या मुक्कामाचा विचार आम्ही केला होता. अडचण फलाटाची आहे. पहाटेच्या वेळी सामान, झोपेतली मुले आणि आई, अशा सर्वांना दोन-तीन मिनिटांच्या थांब्यात डब्यात चढवायचे म्हटले की मलाच धडधडते. फलाट डब्याच्या पायरीच्या बरोबरीत असेलच असे नाही आणि आईंना ती एक पायरीसुद्धा सावकाश चढावी लागते. आपल्या आजीबाईंना माझा नमस्कार, पण आमच्या आईंना पडावात उतरवण्याचे धैर्य माझ्यात नाही.

बस आणि विमान यांविषयी कोणी काही लिहिले नाही. तेही नाकारण्यापूर्वी समजून घ्यावे असे वाटते.

वळणवाट

एसटीचे मी सांगते, कारण माझे माहेर मालवण तालुक्यात आहे आणि पंधरा वर्षे पुण्याहून मी एसटीनेच जात आले आहे. पैशांचा हिशेब पाहाल तर एसटीच्या जवळपास कोणी येणार नाही. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास विनामूल्य आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्मे भाडे आहे. म्हणजे तुमच्या सासूबाईंना आधार कार्ड दाखवून काहीच द्यावे लागणार नाही आणि तुम्हांला निम्मेच. राज्याच्या हद्दीबाहेर ही सवलत चालत नाही, पण तुम्हांला हद्द ओलांडायचीच नाही.

हे सर्व खरे असूनही तुम्हांला मी बस सुचवणार नाही. रात्रीच्या बसमध्ये गुडघे आखडलेल्या माणसाला उठून दोन पावले टाकण्याची सोय नसते, बस थांबते ती चालकाच्या सोयीच्या ढाब्यावर, आणि तेथील स्वच्छतागृह वृद्ध स्त्रीला वापरता येईल असे क्वचितच असते. खासगी शयनयान बसचा खालचा बर्थ मिळाला तरी त्यात शिरताना गुडघा दुमडावाच लागतो. गेल्या वर्षी माझ्या आईला मी एका खासगी बसने आणले. आरक्षण खालच्या बर्थचे होते आणि ऐन वेळी वरचा हाती आला. वाद घालून खालचा मिळवला, पण तोवर आईच्या डोळ्यांत पाणी आले होते. पुन्हा तो प्रयोग केला नाही.

रूळमित्र

विमानाचे थोडक्यात सांगतो. जिल्ह्याचा स्वतःचा विमानतळ चिपीला आहे. तो ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. तारकर्लीहून कर्ली खाडीपलीकडे पाहिले तर तो खरोखर हाकेच्या अंतरावर आहे, परंतु तेथील सेवा अधूनमधून खंडित होत आली आहे. आईंना घेऊन निघायचे आणि उड्डाण रद्द झाल्याचे कळायचे, हे नको. दुसरा पर्याय म्हणजे गोव्यातील मोपा. जानेवारी २०२३ पासून तेथे विमाने उतरतात आणि तो महाराष्ट्राच्या सीमेला अगदी लागून असल्यामुळे बांदा, सावंतवाडी, कुडाळ असे करीत दोन तासांच्या आसपास मालवण येते. विमानतळावर चाकांची खुर्ची मिळते, हा आईंच्या दृष्टीने मोठा लाभ आहे. नाताळात गोव्याच्या तिकिटांचे दर पाहिल्यावर मात्र पाच जणांचा बेत बहुधा आपोआप मागे पडेल. गेलातच तर गाडी कुडाळ-मालवणकडून मागवा.

निशिगंध (२४ ऑक्टोबर)

विमानाचे दर पाहिले आणि खरोखरच मागे पडले. काल रात्री घरात बसून चर्चा केली. आईंना हे सर्व वाचून दाखवले. कोल्हापूरला मुक्काम म्हटल्यावर त्यांनी अंबाबाईचे दर्शन होणार का, एवढे एकच विचारले आणि प्रश्न तेथेच मिटला.

तेव्हा आम्ही २३ ला सकाळी स्वतःच्या गाडीने निघत आहोत. घाटमाथा, आपणांस दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कोल्हापुरात दर्शन २३ च्या संध्याकाळी घ्यावे की २४ च्या सकाळी? आणि फोंडा घाटात धाकट्यासाठी थांबावे लागले तर थांबायला जागा आहे का?

घाटमाथा

दर्शन २३ लाच घ्या. सकाळी रांगेत अडकलात की घाटाची वेळ पुढे सरकेल आणि कुडाळकरांची दुपारी दोनची अट मोडेल. आईंना रांगेत उभे राहणे होणार नाही, तेव्हा मुखदर्शनाची रांग धरा, ती लवकर सरते. मुक्काम शहराच्या मध्यभागी न करता रंकाळ्याच्या बाजूला करा, म्हणजे सकाळी शहर ओलांडावे न लागता थेट राधानगरीचा रस्ता लागेल.

घाटात वळणावर थांबू नका. घाट सुरू होण्यापूर्वी दाजीपूरला थांबा, मुलाला अर्धा तास मोकळ्या हवेत फिरू द्या आणि मग उतरा. त्याला पुढच्या आसनावर बसवण्याचा मोह होईल, तो टाळा. मागे मधल्या जागी पट्टा लावून समोरचा रस्ता दिसेल असा बसवा. सकाळी पोटभर मिसळ खाऊ घालू नका. कोल्हापूरचा असून मी हे सांगतो आहे, यावरून काय ते समजा.

निशिगंध (३ जानेवारी)

सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले होते म्हणून काय घडले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

२३ ला सकाळी साडेसहाला निघालो. साताऱ्यापुढे रुंदीकरणामुळे जागोजागी वळवलेला रस्ता होता, त्यात आमचे थांबे, त्यामुळे कोल्हापूरला पोहोचायला दुपारचे दोन वाजले. मुखदर्शन संध्याकाळी सुखाने झाले. २४ ला साडेसातला निघून दाजीपूरला थांबलो, घाट उतरलो आणि दुपारी एकला तारकर्लीत खोलीवर होतो. आमच्यामागे तासाभराने आलेले शेजारच्या खोलीतले पाहुणे देवबागच्या रस्त्यावर चाळीस मिनिटे उभे होते.

राधानगरीच्या अलीकडे सकाळीही उसाच्या ट्रॉल्या लागल्या. उजेडात त्यांना ओलांडून जाताना यजमान जे गप्प झाले ते दाजीपूर येईपर्यंत बोलले नाहीत. रात्री तो रस्ता कसा असेल याची कल्पना आली.

परतताना आंबोलीने आलो. रस्ता लांब असला तरी आईंना तोच अधिक मानवला, कारण आंबोलीला आणि आजऱ्याला बसून चहा घेता आला. चूक एकच झाली. २८ ला रविवार होता आणि सुट्टी संपवून सगळा महाराष्ट्र पुण्याकडे निघाला होता. कोल्हापूरला पुन्हा मुक्काम न करता तसेच पुढे आलो आणि घरी पोहोचायला रात्रीचे साडेअकरा झाले. पुढच्या वेळी परतीचा मुक्कामही आधीच ठरवून ठेवू.

धाकट्याची चौकशी दोघांनी व्यक्तिगत निरोपात केली आहे म्हणून सांगते: फोंडा घाटात त्याला काहीही झाले नाही. उलटी व्हायची ती पहिल्याच सकाळी, साताराही यायच्या आत, खंबाटकीत होऊन गेली होती.